डॉजर्सची ऑक्टोबरची तयारी: सत्तावीस बाद कोण करणार?

वरची गॅलरी | २७ सप्टेंबर २०२४

काल रात्री लॉस एंजेलिस डॉजर्सनी सॅन डिएगो पॅड्रेसना ७-२ असे हरवले आणि बेसबॉलच्या नॅशनल लीगमधील पश्चिम डिव्हिजनचे (गटाचे) विजेतेपद नक्की केले. नियमित हंगामाचे तीन सामने डेन्व्हरमध्ये शिल्लक आहेत आणि आजवरचा हिशेब ९५ विजय, ६४ पराभव असा आहे. वाइल्ड कार्डची, म्हणजे प्लेऑफची (बाद फेरीची) सुरुवातीची, तीन सामन्यांची फेरी आपल्याला खेळावी लागणार नाही, त्यामुळे प्लेऑफमधला आपला पहिला सामना थेट ५ ऑक्टोबरला होईल. मधल्या दिवसांत संघाने नेमके काय करावे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे मत आधीच सांगतो. सप्टेंबर महिन्यात सगळे जण किती सामने जिंकले आणि कोण किती पुढे आहे, हेच मोजत बसतात. मला गेले तीन आठवडे एकच प्रश्न छळतो आहे. बेसबॉलचा सामना जिंकण्यासाठी नऊ डावांत, दर डावात तीन असे, प्रतिस्पर्ध्यांचे सत्तावीस फलंदाज बाद करावे लागतात. आपल्याकडे आज जे पिचर (चेंडू टाकणारे) धडधाकट उरले आहेत, त्यांच्यापैकी कोणी किती बाद करायचे, हे ठरले आहे का? हे ठरवणे म्हणजेच खरी तयारी, असे मला वाटते.

परिस्थिती किती अवघड आहे ते पाहा. टायलर ग्लासनाऊने यंदा १३४ डाव टाकले, त्याच्या कारकिर्दीतला हा उच्चांक आहे. परंतु ऑगस्टच्या मध्यापासून कोपराच्या दुखापतीमुळे तो बाहेर आहे आणि आता या हंगामात परतणार नाही. संघात सर्वांत जास्त डाव टाकणारा गॅव्हिन स्टोन खांद्यामुळे बाहेर आहे. क्लेटन कर्शॉच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचे हाड वाढले आहे आणि ३० ऑगस्टला अ‍ॅरिझोनात एक डाव टाकून तो जो बाहेर गेला, तो अजून परतलेला नाही. डस्टिन मे, टोनी गॉन्सोलिन, एमेट शीहान, रिव्हर रायन यांची नावे तर आपण केव्हाच वगळली आहेत. शोहेई ओटानीने यंदा ५० होमरन (थेट कुंपणापार गेलेले फटके) आणि ५० चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) ही कोणालाही न जमलेली मजल मारली असली, तरी गेल्या वर्षीच्या कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो पिचिंग करणार नाही. मग उरले कोण? तीन महिने खांद्याच्या दुखण्यात घालवून १० सप्टेंबरला परतलेला योशिनोबू यामामोतो, जुलैच्या अखेरीस डेट्रॉइटकडून आणलेला जॅक फ्लॅहर्टी, कोपराच्या दुसऱ्या ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रियेनंतर अजून सूर न सापडलेला वॉकर ब्यूलर आणि नवखा लँडन नॅक.

मंगळवारी, २४ तारखेला, मी मैदानात होतो. नवव्या डावात आपण ४-२ असे मागे होतो, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आपले धावपटू होते, एकही बाद नव्हता आणि मिगेल रोहासनंतर ओटानीची पाळी होती. रोहासचा जमिनीलगतचा फटका थेट पॅड्रेसच्या मॅनी मचाडोकडे गेला. त्याने तिसऱ्या बेसवर पाय टेकवला, चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकला, तेथून तो पहिल्या बेसवर पोहोचला आणि एकाच चेंडूवर तिघे बाद होऊन सामना संपला. मी नेहमी पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरतो. त्या चौकटींत ५-४-३ हे आकडे (तिसरा, दुसरा आणि पहिला बेस सांभाळणाऱ्यांचे क्रमांक) लिहिताना माझा हात थरथरत होता. पॅड्रेसचा प्लेऑफमधला प्रवेश त्याच क्षणी, आमच्याच मैदानावर नक्की झाला. घरी परतताना मी त्या चौकटींकडे पाहिलेच नाही. कार्डाच्या तळाशी पिचरांची नावे लिहायची जागा असते, तिच्याकडे पाहत राहिलो, आणि ऑक्टोबरमध्ये तेथे कोणती नावे येतील याचा विचार करत राहिलो.

माझ्या अपेक्षा अशा आहेत. आपल्या फ्रेडी फ्रीमनचा उजवा घोटा काल पहिल्या बेसकडे धावताना मुरगळला, त्याला डेन्व्हरमध्ये एकही चेंडू खेळवू नये. यामामोतोला दोन सामन्यांमध्ये किमान पाच दिवसांची विश्रांती मिळेल अशा रीतीनेच पुढचे वेळापत्रक आखावे. जपानमध्ये तो साधारणपणे आठवड्यातून एकदाच पिचिंग करत असे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्टार्टरशिवाय (सामना सुरू करून बरेच डाव टाकणाऱ्या पिचरशिवाय), केवळ बुलपेनच्या जोरावर, एक अख्खा सामना कसा काढायचा याची योजना आजच कागदावर तयार हवी. डेन्व्हरमधल्या कामगिरीवरून मात्र कोणाही पिचरची पारख करू नये. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तेथील विरळ हवेत चेंडू नीट वळत नाही आणि मारलेला फटका मात्र दूर जातो.

सकाळचा चहा | २८ सप्टेंबर २०२४

मी पुण्यात असतो आणि ओटानीमुळे गेल्या वर्षीपासून हा खेळ पाहू लागलो आहे. सामने आमच्याकडे सकाळी असतात, त्यामुळे कामावर निघण्यापूर्वी निदान अर्धा सामना तरी पाहून होतो. लेख आवडला, परंतु एक मूलभूत शंका आहे. कसोटी सामन्यात वेगवान गोलंदाज एका दिवसात वीस षटके टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू हातात घेतो. मग बेसबॉलमधला पिचर शंभर चेंडू टाकल्यावर चार-पाच दिवस का बसून राहतो? आणि बुलपेन म्हणजे नेमके काय, तेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

सांधा | २८ सप्टेंबर २०२४

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि फेकणाऱ्या खेळाडूंवर उपचार करणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

गोलंदाज धावत येतो आणि हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. तो ताण पाठ, कंबर, गुडघे आणि घोटे यांच्यावर विभागला जातो. पिचर जागेवरूनच, केवळ एक पाऊल पुढे टाकून, कोपरात वाकलेला हात झटक्याने सोडतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जवळजवळ त्याच्या सहनशक्तीच्या सीमेइतका ताण येतो. स्नायू ताण शोषून घेतात म्हणून तो बंध टिकतो, आणि स्नायू थकले की तो भार बंधावरच पडतो. चार-पाच दिवसांची विश्रांती असते ती या थकलेल्या स्नायूंसाठी.

हा बंध तुटला की शरीरातला दुसरा कंडरा काढून तेथे बसवतात. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी केली. ते डॉजर्सचेच डॉक्टर होते आणि रुग्ण होता डॉजर्सचाच पिचर टॉमी जॉन, त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. तो १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले. ब्यूलरची ही शस्त्रक्रिया दोनदा झाली आहे. दुसऱ्यांदा झाल्यावर चेंडूचा वेग परत येतो, परंतु चेंडू मनात असेल त्या जागी टाकण्याचे नियंत्रण परत यायला कितीतरी जास्त काळ लागतो. त्याच्या यंदाच्या एक विजय आणि सहा पराभव या आकड्यांकडे पाहताना ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेची ती जागा जेथे राखीव पिचर हात गरम करतात; त्या पिचरांच्या गटालाही तेच नाव आहे. ते एक-दोन डावच टाकतात, म्हणून एखाद्या दिवसाच्या विश्रांतीवर, प्रसंगी सलग दोन दिवसही, पुन्हा येऊ शकतात. परंतु त्यांच्याकडून रोज तीन-तीन डाव काढून घेतले, तर त्यांचेही हात थकतात. वरची गॅलरी यांचा प्रश्न म्हणूनच योग्य आहे. ही शिल्लक मर्यादित आहे आणि ती कोणत्या दिवशी खर्च करायची, हे आधी ठरलेले असावे लागते.

कुंपणापलीकडे | २८ सप्टेंबर २०२४

मी तीस वर्षे डॉजर्सचे सामने पाहतो आहे आणि या विश्रांतीच्या कल्पनेशी मी मुळीच सहमत नाही. २०२२ मध्ये आपण १११ सामने जिंकलो, पाच दिवस बसलो आणि आपल्यापेक्षा २२ सामने मागे असलेल्या पॅड्रेसकडून ३-१ असे हरलो. २०२३ मध्ये १०० सामने जिंकलो, पुन्हा पाच दिवस बसलो आणि अ‍ॅरिझोनाने ३-० असा धुव्वा उडवला. त्या मालिकेत आपल्या मूकी बेट्स आणि फ्रीमन या दोघांनी मिळून २१ वेळा फलंदाजी केली आणि एकच हिट (बेस गाठून देणारा फटका) मिळवला. हे दोघे फलंदाजी विसरले होते का? त्यांची लय गेली होती. रोज ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू पाहणाऱ्या डोळ्यांना पाच दिवस तो दिसला नाही की डोळे मंदावतात. म्हणून मला वाटते की डेन्व्हरमध्ये सर्वांनी पूर्ण ताकदीने खेळावे आणि नंतरच्या सुटीत रोज सराव सामने व्हावेत.

वरची गॅलरी | २९ सप्टेंबर २०२४

कुंपणापलीकडे, तुमचे दुःख माझेही आहे. २०२३ च्या त्या तिसऱ्या पराभवानंतर मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नव्हतो. तरीही कारणाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे, आणि ते थोडे विस्ताराने मांडतो.

आधी सुटीचा मुद्दा घेऊ. ही पद्धत २०२२ मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षांत आठ संघांना अशी थेट चाल मिळाली. त्यांपैकी पाच पुढच्याच फेरीत हरले: दोन्ही वर्षी आपण, दोन्ही वर्षी अटलांटा, आणि २०२३ मध्ये बाल्टिमोर. परंतु ह्यूस्टन दोन्ही वर्षी तेवढीच सुटी घेऊन पुढे गेले आणि २०२२ मध्ये तर त्यांनी वर्ल्ड सिरीजही जिंकली. पाच सामन्यांच्या मालिकेत चांगला संघ हरणे ही काही अघटित गोष्ट नाही, आणि आठ उदाहरणांवरून सुटीला दोषी ठरवणे मला घाईचे वाटते.

आता २०२३ कडे पाहू. पहिल्या सामन्यात कर्शॉने एकच फलंदाज बाद केला आणि सहा धावा दिल्या. दुसऱ्या सामन्यात बॉबी मिलर पावणेदोन डावांच्या आतच बाहेर आला. तिसऱ्यात लान्स लिनने एकाच डावात चार होमरन दिले. तीन सामन्यांत तिघा स्टार्टरांनी मिळून केवळ चौदा फलंदाज बाद केले, म्हणजे एका सामन्याला लागतात त्याच्या साधारण निम्मे. कर्शॉचा खांदा दुखावलेला होता हे आपल्याला आधीच ठाऊक होते आणि मिलरचा तो पहिलाच हंगाम होता. तरीही ते पाच-सहा डाव टाकतील असे गृहीत धरूनच आपण उतरलो. फलंदाजांची लय गेली हे मान्य, परंतु प्रत्येक सामन्यात दुसऱ्या-तिसऱ्या डावातच मागे पडलेल्या संघाचे फलंदाज सहसा घाईवरच येतात.

२०२२ च्या शेवटच्या सामन्यातली एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. आपण ३-० असे पुढे होतो आणि सातव्या डावात सगळे कोसळले. आपला पिचर येन्सी अल्मोंटे याने पहिल्या बेसकडे चेंडू फेकून थोडा वेळ काढावा आणि तेवढ्यात डावखुरा पिचर अ‍ॅलेक्स व्हेसियाला आणावे, असे व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांच्या मनात होते. तो निरोप अल्मोंटेपर्यंत पोहोचला नाही आणि त्याने सरळ पॅड्रेसचा फलंदाज क्रोनेनवर्थला चेंडू टाकला. एका फलंदाजाची पाळी अर्ध्यावर असताना पिचर बदलावा लागला, आणि त्याच क्रोनेनवर्थने व्हेसियाच्या चेंडूवर दोन धावा मिळवून पॅड्रेसना ५-३ अशी आघाडी दिली. ती चूक ना हातांची होती ना लयीची. कोणत्या क्षणी कोण येणार हे सर्वांना आधीपासून माहीत नव्हते, एवढेच तिचे कारण. म्हणूनच मी म्हणतो की या आठवड्यात बुलपेनमधल्या प्रत्येकाला त्याचे फलंदाज नेमून द्यावेत. २०२० पासून राखीव पिचरलाही किमान तीन फलंदाजांना तरी सामोरे जावेच लागते, किंवा डाव संपवावा लागतो. त्यामुळे एका डावखुऱ्यासाठी डावखुरा पिचर आणून लगेच काढून घेण्याची जुनी सोय आता राहिलेली नाही. तीन-तीन फलंदाजांचे गट पाडून विचार करावा लागतो आणि तो सामन्याच्या गडबडीत होत नाही.

सुटीत सराव सामने व्हावेत, याबाबत मात्र मी पूर्णपणे तुमच्याबरोबर आहे.

सॅन डिएगोकर | १ ऑक्टोबर २०२४

मी पॅड्रेसचा पाठीराखा आहे, तरीही या धाग्यावर लिहितो आहे, कारण येथे चर्चा सभ्यपणे चालली आहे. डॉजर्सनी डेन्व्हरमधले तिन्ही सामने जिंकून ९८ विजयांवर हंगाम संपवला, त्याबद्दल अभिनंदन.

विश्रांती किती मोलाची आहे ते काल अटलांटात दिसले. वादळामुळे न्यूयॉर्क मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्स यांचे दोन सामने हंगाम संपल्यानंतर, सोमवारी एकाच दिवशी खेळवावे लागले. दोघांनी एकेक जिंकला आणि दोघेही प्लेऑफमध्ये आले, बिचारा अ‍ॅरिझोनाचा संघ घरी बसून बाहेर पडला. तेच ब्रेव्ह्स रात्री विमानाने निघाले आणि आज आमच्याविरुद्ध उतरले. आमच्या मायकेल किंगने सात डावांत बारा जणांना स्ट्राइक आउट केले (फटका न मारू देता बाद केले). आम्ही उद्या जिंकलो तर तुमच्याकडे येऊ, आणि या हंगामात आपापसांतले तेरापैकी आठ सामने आम्ही जिंकले आहेत, हे विसरू नये.

सॅन डिएगोकर | ३ ऑक्टोबर २०२४

आम्ही येतो आहोत, परंतु काल आनंदाबरोबर एक मोठा घाव बसला. आमचा पिचर जो मस्ग्रोव्ह याचा कोपर सामन्याच्या मध्येच दुखावला आणि त्याला बाहेर यावे लागले. किंग मंगळवारीच खेळून बसला आहे. वरची गॅलरी यांनी जो सत्तावीस बादांचा हिशेब मांडला, तो आता आम्हालाही करावा लागणार आहे आणि आमच्याकडे त्यासाठी दोनच दिवस आहेत.

सांधा | ३ ऑक्टोबर २०२४

मस्ग्रोव्हबद्दल वाईट वाटले. मैदान सोडतानाचा त्याचा चेहरा पाहून माझ्या पोटात गोळा आला. तसे चेहरे मी जवळून पाहिलेले आहेत.

कुंपणापलीकडे | ६ ऑक्टोबर २०२४

पहिला सामना ७-५ असा जिंकला. यामामोतोने तीनच डावांत पाच धावा दिल्या आणि मला २०२३ आठवू लागले, परंतु ओटानीने दुसऱ्याच डावात तीन धावांचा होमरन मारून बरोबरी साधून दिली होती आणि पुढचे सहा डाव बुलपेनने एकही धाव दिली नाही. फ्रीमन त्या सुजलेल्या घोट्यावर खेळला, इतकेच काय, त्याने एक बेसही चोरला. त्या क्षणी मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

वरची गॅलरी, तुमचे म्हणणे मला थोडे पटू लागले आहे.

कुंपणापलीकडे | ८ ऑक्टोबर २०२४

दुसरा सामना १०-२ असा गेला, सहा होमरन खाल्ले. आजचा तिसरा ६-५ असा गेला, दुसऱ्याच डावात ब्यूलरने सहा धावा दिल्या. पॅड्रेस २-१ असे पुढे आहेत आणि उद्यासाठी आपल्याकडे स्टार्टरच नाही. मला पुढे काही लिहवत नाही.

वरची गॅलरी | ९ ऑक्टोबर २०२४

सामना संपून तासभर झाला आहे आणि स्कोअरकार्ड समोर ठेवून लिहितो आहे. पिचरांच्या रकान्यात छापील ओळी सहाच होत्या. उरलेली दोन नावे मला समासात लिहावी लागली. रायन ब्रेझियरने सुरुवात केली, लँडन नॅकने शेवटचा डाव टाकला, आणि मध्ये अँथनी बांडा, मायकेल कोपेक, अ‍ॅलेक्स व्हेसिया, इव्हान फिलिप्स, डॅनियल हडसन, ब्लेक ट्रायनेन हे आले. आठ पिचर, सत्तावीस बाद, एकही धाव नाही. ८-० असा विजय, आणि तोही हरलो तर हंगाम संपणार अशा सामन्यात, सॅन डिएगोच्या मैदानात, फ्रीमन बाकावर बसलेला असताना.

बेट्स, विल स्मिथ आणि गॅव्हिन लक्स यांचे होमरन सर्वजण पाहतीलच. मी पाहत होतो तो प्रत्येक बदलाचा क्षण. कोणाचीही पाळी अर्ध्यावर तोडावी लागली नाही. पॅड्रेसच्या टाटीस, मचाडो यांच्यासमोर उजव्या हाताचा पिचर आणि मेरिल, क्रोनेनवर्थ यांच्या टप्प्याला डावखुरा, हे जवळजवळ सामनाभर जुळून आले. दोन वर्षांपूर्वी याच मैदानात ज्या व्हेसियाला घाईघाईने आणून उभे केले होते, तो आज आपला वेळ घेऊन, हात गरम करून, आपल्या ठरलेल्या फलंदाजांसाठी आला. ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती कोणी लिहिणार नाही. काल ब्यूलरने दुसऱ्या डावात सहा धावा दिल्या, त्यावर सर्वांनी त्याला नावे ठेवली. त्यानंतर तो आणखी तीन डाव उभा राहिला, पाच डाव पूर्ण करून गेला आणि त्या तीन डावांत त्याने एकही धाव दिली नाही. रॉबर्ट्स यांनी त्याला लगेच काढले असते, तर ते नऊ बाद बुलपेनला करावे लागले असते आणि आज हे आठ जण इतक्या ताज्या हातांनी आले नसते. हरलेल्या सामन्यातले ते नऊ बाद माझ्या दृष्टीने आजच्या विजयाचा भाग आहेत.

पलीकडे पाहा. मस्ग्रोव्ह नसल्यामुळे पॅड्रेसना डिलन सीझला केवळ तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवावे लागले आणि तो दुसरा डावही पूर्ण करू शकला नाही.

सॅन डिएगोकर | १० ऑक्टोबर २०२४

मान्य आहे. सीझला आणणे हा आमचा नाइलाज होता. परंतु शुक्रवारी आमच्याकडे पुरेशी विश्रांती झालेला यू दार्विश आहे, आणि दुसऱ्या सामन्यात त्याने तुमच्या फलंदाजांना कसे खेळवले ते आपण सर्वांनी पाहिले. तुमचा कोण?

सकाळचा चहा | १० ऑक्टोबर २०२४

आज मी पूर्ण सामना पाहिला आणि कामावर उशिरा पोहोचलो. सांधा यांनी जे समजावले होते ते डोळ्यांसमोर घडताना दिसले. मलाही तोच प्रश्न आहे, पाचव्या सामन्यात यामामोतो की फ्लॅहर्टी?

वरची गॅलरी | १० ऑक्टोबर २०२४

माझे उत्तर यामामोतो. पहिल्या सामन्यात त्याला मार बसला हे खरे, परंतु ५ तारखेपासून ११ तारखेपर्यंत त्याला मधले पाच दिवस पूर्ण मिळतात, आणि त्याच्या हाताला सवयीचे अंतर हेच आहे. फ्लॅहर्टीला चारच दिवस मिळतील. शिवाय यामामोतोकडून सात-आठ डावांची अपेक्षा कोणी करत नाही. त्याने पंधरा बाद केले, तरी उरलेल्या बारांची सोय बुलपेनकडे आहे, आणि आज सुटीचा दिवस असल्यामुळे त्यांचे हात उद्यापर्यंत सैल होतील.

सांधा | ११ ऑक्टोबर २०२४

माझेही मत तेच. पाच डाव, त्यापेक्षा एक चेंडूही जास्त नको.

वरची गॅलरी | ११ ऑक्टोबर २०२४, रात्री

२-० असा विजय! यामामोतोचे पाच डाव, एकही धाव नाही. एनरिके हर्नांडेझचा एक होमरन, टिओस्कर हर्नांडेझचा एक होमरन, दोन्ही दार्विशवर, आणि शेवटचे बारा बाद बुलपेनचे. तिसऱ्या सामन्यातल्या त्या दुसऱ्या डावानंतर पॅड्रेसना सलग चोवीस डावांत एकही धाव करता आली नाही. सॅन डिएगोकर, तुमच्या दार्विशनेही अप्रतिम पिचिंग केले. या मालिकेत तुमचा संघ कोणत्याही अर्थाने कमी नव्हता, आणि तुम्ही या धाग्यावर येऊन मनमोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार.

आता परवा, १३ तारखेला, मेट्सविरुद्ध सात सामन्यांची मालिका सुरू होते. आज यामामोतोला निवडल्यामुळे फ्लॅहर्टीचा हात शाबूत राहिला आहे. ६ तारखेनंतर त्याने एकाही सामन्यात चेंडू टाकलेला नाही, म्हणजे सहा दिवसांच्या पूर्ण विश्रांतीनंतर तो पहिला सामना खेळू शकतो. त्याने सहा-सात डाव काढले, तर या आठवड्यात सर्वांत जास्त राबलेल्या बुलपेनला आणखी एक दिवस मिळेल. दुसऱ्या सामन्यासाठी मात्र पुन्हा कोणी स्टार्टर नाही, आणि त्यासाठीचे तीन-तीन फलंदाजांचे गट मी आत्ताच कागदावर मांडायला घेतले आहेत. मेट्सच्या फलंदाजांची ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे, विशेषतः लिंडोर आणि निमो यांच्यासमोर कोणाला आणावे याबद्दल.